दुसरा माणूस चौकटीतच हवा

लॉरेल-हार्डीचे, म्हणजे आपल्या जाड्या-रड्याचे, जुने लघुपट शाळेत दाखवायचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "त्यात काय आहे? नुसती पडापडी आणि आदळआपट. मुलं तेवढंच उचलतात." बोलणारे शिक्षक असतात, पालक असतात, आणि काळजीपोटीच बोलतात. पण हा आक्षेप घेताना तीच मुलं घरी मोबाइलवर काय बघतात याकडेही लक्ष द्यायला हवं. ऐन वेळी खुर्ची मागे ओढल्यामुळे आपटलेला वर्गमित्र, लग्नाच्या स्टेजवरून कोसळलेला मामा, झोपेत तोंडावर पाणी फेकून उठवलेला धाकटा भाऊ. पंधरा सेकंद, हशा, पुढचा व्हिडिओ. कोणी पडलं की हसायचं, हे मुलांनी केव्हाच शिकून घेतलंय. आता आपल्या हातात काही असेल, तर ते हसणं कसं असावं एवढंच.

या जोडगोळीचे वीस-वीस मिनिटांचे लघुपट मुलांना दाखवावेत आणि पूर्ण दाखवावेत, असं माझं ठाम मत आहे. प्रँकच्या व्हिडिओतही माणसं दोनच असतात. एक पडतो. दुसरा कॅमेरा धरून मागे उभा असतो. त्याला काही होणार नसतं आणि त्यामुळेच तो निर्धास्त हसतो. बघणाराही मग त्याच्याच जागी जाऊन बसतो. लॉरेल-हार्डीच्या लघुपटात हा दुसरा माणूस पहिल्याच्या शेजारी, चौकटीच्या आत असतो. हसला तर पुढच्याच क्षणी तो स्वतः पाण्यात, चिखलात किंवा चुलीच्या धुराड्यातून थेट खाली. पडण्याची झळ त्या चौकटीतल्या प्रत्येकाला लागते. हिंसक आणि निर्मळ विनोदातला फरक मला इथे दिसतो, किती जण पडले या मोजदादीत नाही.

'द म्युझिक बॉक्स' घ्या. १९३२ सालचा, जेमतेम अर्ध्या तासाचा बोलपट. विनोदी लघुपटासाठीचं ऑस्कर पहिल्यांदा दिलं गेलं ते याला. एका बाईने नवऱ्याच्या वाढदिवसासाठी पियानो विकत घेतलाय आणि तो घरी पोचवायचं काम या दोघांकडे आलंय. घर टेकाडावर, मध्ये उभा जिना. तो जिना खराखुरा आहे, लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात आजही बघायला मिळतो, शंभराहून जास्त पायऱ्यांचा. खोक्यात घातलेला पियानो दोघं एकेक पायरी वर चढवतात. अर्ध्यात पोचतात तर समोरून बाबागाडी घेऊन एक दाई उतरते. तिला वाट द्यायची म्हणून दोघं सरकतात आणि खोकं सुटतं. ते धडधडत खाली जाताना आतल्या तारा झणझणत राहतात आणि तो आवाज ऐकूनच आपण अर्धे हसतो. दाईला यांची फजिती बघून हसू फुटतं. स्टॅन, म्हणजे बारीक लॉरेल, तिला मागून लाथ मारतो आणि लगोलग तिचा मार खातो. त्यावर ऑलीला, म्हणजे जाड्या हार्डीला, हसू येतं. तर तीच बाई बाळाची दुधाची बाटली ऑलीच्या डोक्यात फोडते. जो हसला त्याच्यावर पाळी आली, आणि इतकी झटपट की आपलं हसू त्याच्या बाजूचं की तिच्या बाजूचं हे ठरवायलाही सवड मिळत नाही.

पुढे एक प्रोफेसर येतो. नावापुढे पदव्यांची माळ, डोक्यावर उंच टोपी. यांनी बाजूला व्हावं, कारण आपण असल्या लोकांना वळसा घालून जात नसतो, असा त्याचा तोरा. त्याची टोपी जिन्यावरून गडगडत रस्त्यावर जाते आणि ट्रकखाली चिरडते. या लघुपटांत मोठ्या टोपीवाल्याला सूट नाही. पण हमालांनाही सूट नाही, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गरिबाने श्रीमंताची खोड मोडली एवढ्यावर टाळ्या घेणारे विनोदपट पुष्कळ आहेत. इथे गरिबाचीही खोड मोडते, आणि बहुतेक वेळा त्याच्याच हाताने.

मग ती जागा येते, जिच्यासाठी हा लघुपट पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो. मरमर करून दोघं पियानो वर आणतात. पोस्टमन भेटतो आणि म्हणतो, एवढा जिना कशाला चढलात, मागून घरापर्यंत गाडीरस्ता आहे की. दोघं एकमेकांकडे बघतात. मग पियानो उचलून पुन्हा सगळा जिना उतरतात, घोडागाडीत चढवतात आणि रस्त्याने वर घेऊन येतात. कोणी पडलं नाही, कोणाला लागलं नाही, आदळआपट शून्य. तरीही आख्ख्या लघुपटात यासारखं हसू नाही. ज्यांना हा विनोद म्हणजे निव्वळ पडापडी वाटते, त्यांनी एवढी दोन मिनिटं बघावीत. काम 'नीट' करायच्या हट्टापायी झालेलं काम मोडून पुन्हा करणारी माणसं आपण कचेरीत, घरात, देवळाच्या कमिटीत बघितलेली असतात, आपणही त्यातलेच असतो. आणि दोघांपैकी एकालाही "अरे, आता वर आलोच आहोत ना?" असं विचारावंसं वाटत नाही. एकटा असता तर कदाचित भानावर आला असता. दोघं आहेत म्हणून मूर्खपणाला एकमताचा आधार मिळतो.

हा विनोद जोडीचाच असू शकतो. स्टॅन बावळट आहे हे स्टॅनलाही ठाऊक आहे, म्हणून तो दुसऱ्याच्या मागे चालतो. ऑली त्याच्याइतकाच बावळट आहे, पण आपण शहाणे आहोत अशी त्याची पक्की समजूत आहे, म्हणून तो पुढे चालतो, "मला करू दे" म्हणतो आणि पहिला तोच पडतो. पडल्यावर तो आपल्याकडे, थेट कॅमेऱ्यात बघतो. राग नाही, आरडाओरडा नाही. बघा, माझ्या वाट्याला काय आलंय, असा दमलेला चेहरा. ती नजर आपल्याला साक्षीदार करते. त्या माणसाने आपल्या डोळ्याला डोळा भिडवलेला असतो, त्यामुळे त्याच्यावर हसताना आपण त्याला तुच्छ लेखू शकत नाही. प्रँकच्या व्हिडिओत पडलेला माणूसही कधी कधी असाच कॅमेऱ्याकडे बघतो, तेव्हा त्याच्या नजरेत लाज असते. तो फरक मुलांना सांगावा लागत नाही, दिसतो.

आता वेळेबद्दल. पडद्यावर डोकं खाजवत उभा राहणारा स्टॅन लॉरेल हा या लघुपटांचा खरा कारागीर. इंग्लंडमधल्या अल्व्हरस्टनचा, नाटकवाल्या घरातला. फ्रेड कार्नोच्या मंडळीतून १९१० साली अमेरिकेला आला, त्याच मंडळीत चार्ली चॅप्लिन होता. ऑलिव्हर हार्डी जॉर्जिया राज्यातला. तिथल्या एका गावात सिनेमाचं यंत्र चालवता चालवता नट व्हायची ऊर्मी आलेला. हॅल रोचच्या स्टुडिओत १९२७ च्या सुमारास दोघांची जोडी जमली. विनोद रचणं, संकलनाला बसणं ही कामं लॉरेल करायचा, त्याचा पगारही जास्त होता आणि हार्डीला त्याचं वैषम्य नव्हतं. चित्रीकरण संपलं की हार्डीला गोल्फच्या मैदानाचे वेध लागायचे. लघुपट तयार झाला की आधी एखाद्या चित्रपटगृहात लोकांसमोर लावून बघायचे. हशा किती वेळ टिकतो, पुढचं वाक्य त्यात बुडतं का, याचा अंदाज घेऊन ऑलीची ती कॅमेऱ्याकडची नजर लांबवायची किंवा आखूड करायची. म्हणजे आज आपल्याला जो संथपणा वाटतो, तो प्रेक्षकांच्या हसण्यावर बेतलेला आहे. भरलेल्या सभागृहात तो संथ वाटतच नाही. एकट्याने इअरफोन लावून बघितलं तर वाटतो, कारण ज्या हशासाठी जागा सोडली होती तो हशाच तिथे नसतो.

म्हणून तुकडे करून बघण्याला माझा विरोध आहे. पियानो जिन्यावरून सुटतो एवढाच तुकडा कापून दाखवला तर ते एक खोकं घसरल्याचं चित्र उरतं. ते खोकं तिथवर चढवायला लागलेली मिनिटं, घाम, एकमेकांवरची चिडचिड हे आपण सोसलेलं नसेल, तर घसरण्याला अर्थ काय? १९२९ च्या 'परफेक्ट डे'मध्ये एक कुटुंब सहलीला निघतं. गाडी सुरू होते, शेजाऱ्यांचा निरोप घेऊन होतो, हात हलवून होतात, आणि गाडी बंद पडते. पुन्हा सुरू, पुन्हा निरोप. गुड-बायचा घोष इतक्या वेळा होतो की शेवटी तो शब्द ऐकला तरी पोट दुखायला लागतं. सहल होतच नाही. ज्या क्षणी गाडी खरोखर निघते, त्याच्या पुढच्याच वळणावर ती चिखलाच्या डबक्यात टोपीसकट गडप होते. याचा पंधरा सेकंदांचा तुकडा काढा, काय हाती लागेल? एक बुडणारी गाडी.

उलट बाजूनेही पुरावा आहे. १९४० मध्ये दोघं रोचला सोडून गेले आणि पुढची काही वर्षं मुख्यतः फॉक्ससाठी लांबीचे चित्रपट करत राहिले. तिथे लॉरेलला लेखनात आणि संकलनात हात घालू देत नसत. माणसं तीच, टोप्या त्याच, पडणंही तेच. पण ते चित्रपट बघताना जीव रमत नाही. निव्वळ पडापडीतच गंमत असती, तर ती तिथेही असायला हवी होती.

हिंसेच्या आक्षेपाला मात्र सरळ उत्तर द्यायला हवं, आणि त्यासाठी 'बिग बिझनेस'सारखा नमुना नाही. १९२९ चा मूकपट. लखलखीत उन्हात दोघं दारोदार ख्रिसमसची झाडं विकत हिंडतायत. जेम्स फिनलेसनने केलेला एक घरमालक झाड नको म्हणतो आणि दार लावतो. झाडाची फांदी दारात अडकते. बेल वाजवून ती सोडवायची, तर या वेळी कोट अडकतो. पुन्हा बेल. शेवटी मालक कात्री आणतो आणि झाड कापतो. मग हे त्याच्या दाराची नासधूस करतात. तो ऑलीच्या घड्याळावर येतो. हे घराच्या आणखी एका भागावर. असं करत करत तो त्यांच्या मोटारीचे तुकडे करतो आणि हे दोघं त्याचं घर फोडतात.

घर फोडणं हे निर्मळ कसं? नीट बघा, काय चाललंय ते. एकजण मोडतोड करत असताना दुसरा शांत उभा राहून बघतो. मध्ये पडत नाही, हात धरत नाही. त्याचं झालं की मग हा पुढे होतो, जागा निवडतो, मोजून मापून एक वस्तू मोडतो आणि मागे सरकतो. पाळी पाळीने, जवळजवळ शिष्टाचाराने. एकाच्याही अंगाला खरी इजा नाही. रस्त्याच्या कडेला बघ्यांची गर्दी, आणि पोलीस आपल्या गाडीत बसून प्रत्येक मोडलेल्या वस्तूची वहीत नोंद घेतोय. रागाच्या भरात माणूस सारासार विचार सोडतो असं आपण म्हणतो. इथे राग विचारपूर्वक, हिशेब ठेवून केलेला आहे, आणि म्हणूनच तो किती पोकळ आहे हे उघडं पडतं. फांदी अडकली, एवढंच कारण होतं! बांधावरून, पार्किंगवरून, गॅलरीतल्या कुंडीच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं कोर्टात जाणाऱ्या आपल्या समाजात मुलांना हे आठव्या-नवव्या वर्षीच दिसलं तर बिघडलं कुठे? भांडण कसं वाढतं याचा इतका स्वच्छ धडा मला दुसरीकडे सापडलेला नाही, आणि तो धडा आहे हे शेवटपर्यंत जाणवत नाही.

या दोघांच्या कामांची यादी केली तर तीही बोलकी आहे. पियानो पोचवणारे हमाल, झाडं विकणारे, धुराडी साफ करणारे, सुतारकामाच्या कारखान्यातले कामगार, घर बांधायला घेतलेले गवंडी, बर्फात रस्त्यावर वाजंत्री करणारे, मासे विकणारे. १९२९ च्या अखेरीस अमेरिकेत मंदी आली, लाखो लोकांचं काम गेलं, आणि त्याच काळात चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी ही दोन माणसं पडद्यावर येत. फाटके असले तरी टाय बांधलेले, अनोळखी माणसासमोर टोपी उचलून "मी मिस्टर हार्डी, आणि हे माझे मित्र मिस्टर लॉरेल" असं म्हणणारे. पडद्यावरच्या पात्रांना त्यांनी आपलीच नावं दिली होती. हातातलं काम रोज जायचं. जोडी मात्र फुटत नसे. ऑली स्टॅनला ढकलतो, त्याच्यावर ओरडतो, त्याला टोपीने मारतो. सोडून जात नाही. आपल्या मुलांना मैत्रीच्या गोष्टी आपण खूप सांगतो, पण त्यात मित्र नेहमी गुणी असतात. एक कामाचा नाही, दुसरा गर्विष्ठ, आणि तरीही दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही, अशी मैत्री गोष्टींत क्वचित भेटते.

महाराष्ट्राने या जोडीला केव्हाच घरात घेतलं आहे. जाड्या-रड्या म्हटलं की आजी-आजोबांपासून सगळ्यांना कळतं. तीसच्या दशकात मुंबईत रणजित मूव्हीटोनने दीक्षित आणि घोरी अशी आपली जाड-बारीक जोडी पडद्यावर आणली आणि ती लोकांना भावली. तमाशातल्या सोंगाड्याची हजरजबाबी परंपरा आपल्याकडे होतीच. पण अंगाने केलेला विनोद म्हणजे हलका, शब्दाचा विनोद म्हणजे सुसंस्कृत, ही उतरंडही आपल्याकडेच फार पक्की आहे. शाब्दिक कोटीला आपण दाद देतो आणि घसरून पडणाऱ्याला पाचकळ म्हणतो. मला हे पटत नाही. शाब्दिक विनोदात टोमणा किती सहज लपतो! जातीवर, रंगावर, बाईच्या बांध्यावर केलेली कोटी सभ्य सभागृहात खपून जाते. घसरून पडण्यात असं काही लपवायला जागा नसते.

या लघुपटांत दोष आहेत आणि ते झाकायचं कारण नाही. बायकांची पात्रं बरीचशी एकाच साच्याची: कर्कश, संशयी, हातात लाटणं किंवा ताटली. नवरे त्यांना चुकवून पळतात, एवढीच त्यांची भूमिका. दाईला मारलेली लाथ आज बघताना मलाही खटकते, तिने वसूल केली असली तरी. मुलांना दाखवताना यावर बोलायलाच हवं. पण बोलता येतं, कारण सगळं उघड्यावर आहे.

उरला प्रश्न सोयीचा. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, तेव्हा हे लघुपट आपल्याकडे या मुदतीच्या बाहेर कधीच गेले. अमेरिकेत ही मुदत ९५ वर्षं आहे. तिथेही १९२९ सालचे लघुपट १ जानेवारी २०२५ पासून सर्वांना खुले झाले. नंतर जोडलेल्या संगीताचे हक्क वेगळे असू शकतात, एवढं तपासून घ्यावं. शाळेने फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरता खेळ केला तर त्याला कायद्यात वेगळी सवलतही आहे. पैसे लागत नाहीत, प्रोजेक्टर बहुतेक शाळांत धूळ खात पडलेला असतो, आणि 'आनंददायी शनिवार'सारखा उपक्रम असताना वेळ नाही असंही म्हणता येत नाही.

जपायचं म्हणूनही हे करावं. 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी' या १९२७ च्या लघुपटातल्या, एकमेकांवर मलईचे 'पाय' नावाचे गोड पदार्थ फेकण्याच्या रिळाचा बराच भाग कित्येक दशकं हरवला होता, तो सापडल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. त्याच वर्षीचा 'हॅट्स ऑफ', ज्यात 'द म्युझिक बॉक्स'मधल्याच जिन्यावर कपडे धुण्याचं यंत्र चढवलं होतं, अजूनही मिळालेला नाही. लघुपट म्हणजे मुख्य चित्रपटाआधीची भर, असं तेव्हाही मानलं गेलं, म्हणून ते गेले.

सुरुवात 'बिग बिझनेस'ने करावी. मूकपट आहे, भाषेची अडचण नाही; मधल्या पाट्या थोड्या आहेत, त्या शिक्षकांनी मोठ्याने मराठीत वाचाव्यात. पुढच्या शनिवारी 'परफेक्ट डे'. 'द म्युझिक बॉक्स' तिसरा, मुलांना वाट बघायची सवय लागल्यावर. वर्गात नको, सभागृहात दाखवावेत, तीन-चार वर्ग एकत्र, कारण हशाला गर्दी लागते. मध्ये थांबवून समजावून सांगू नये, पोस्टमन काय म्हणणार आहे ते तर मुळीच आधी फोडू नये. दाईला लाथ का मारली आणि बायका नेहमी चिडलेल्याच का दाखवल्या, ही चर्चा सोमवारी वर्गात करावी, आणि तिची सुरुवात मुलींना करू द्यावी.